पाणी नसलेला आठवडा

आमच्या तादाओमी दाजींना सहलीची हौस कधीच नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात ताईला त्यांनी एकदाच बाहेर नेलं, गेल्या पानगळीत, धरणावर लाल पानं बघायला. तिथे ताई पाण्यात पडली. तिला पोहता येत नाही. नशीब बलवत्तर म्हणून वाचली. आणि आता तेच दाजी रविवारी दुपारी यानागावाच्या कालव्यांचा नकाशा पसरून बसले होते. आम्ही तिघं कोतात्सूत पाय घालून बसलो होतो. टेबलावरून दुलई, खाली उबेला शेगडी. मी संत्री सोलत मनात म्हणत होते, आज सूर्य पश्चिमेला उगवलाय.

“सगळं ठरवलंय,” दाजी म्हणाले. “दुपारी वाम माशाचा भात, मग मुलींच्या सणासाठी घरोघरी टांगलेल्या बाहुल्या बघायच्या आणि अंधार पडता पडता होडी. नावाडी नको. एकजण छोटी होडी नुसतीच देतो म्हणालाय. बांबू टेकवत मीच ढकलीन.”

“तुम्ही? तुमची सायकलसुद्धा सरळ जात नाही, दाजी!”

ते हसले. हल्ली ते फार हसायचे, आणि मला ते मुळीच आवडायचं नाही. “अगं फुसाए, कालवा म्हणजे काय समुद्र आहे? आणि तू गं,” ते ताईकडे वळले, “आईंचा तो जाड किमोनो नेस. थंडी असते.”

“नेसेन,” ताई म्हणाली.

“मग मीही येते,” मी म्हटलं.

“पुढच्या वेळी. या वेळी आम्ही दोघंच.” त्यांनी ताईपुढे संत्र्याच्या फोडी सरकवल्या. “तारीख मात्र तू सांग. तुझीच सहल आहे.”

ताईने कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही. “फेब्रुवारीचा तिसरा आठवडा.”

मी चमकले. यानागावा आमचं आजोळ. दरवर्षी त्याच सुमाराला पाण्याची दारं बंद करून कालवे रिकामे करतात, गाळ काढतात, होड्या काठावर पडून असतात. लहानपणी त्या चिखलात टोपल्या घेऊन आम्ही दोघींनी मासे वेचलेत. दाजी उत्तरेकडचे, त्यांना कुठून माहीत असणार? पण ताई कशी विसरेल?

“अगं, तेव्हा तर...” मी बोलायला गेले आणि दुलईखाली ताईची टाच माझ्या पायावर पडली. चांगलीच जोरात.

“तेव्हा काय?” दाजींनी विचारलं.

“तेव्हा बाहुल्या असतात,” मी म्हटलं.

ताई चहा करायला उठली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि सरकतं दार ओढून घेतलं.

“ताई, डोकं ठिकाणावर आहे का? कालव्यात टिपूस नसेल तेव्हा.”

“म्हणूनच तर.” तिने किटली गॅसवर ठेवली. “धरणावर मी घसरले की नाही, मला अजून कळत नाही. पाठीला काहीतरी लागलं एवढं आठवतं. पण पाण्यातून डोकं वर आलं तेव्हा हे काठावर उभे होते. नुसते बघत होते. गळ टाकून बसलेला एक म्हातारा धावत आला, मग हे ओरडायला लागले.”

मी तिचा दंड धरला. “आणि तू अजून याच घरात राहतेस?”

“घर बाबांनी माझ्या नावावर केलंय. मी का जाऊ? आणि माझंच मन पापी असलं तर? उगाच आळ घ्यायचा का माणसावर?” ती कुजबुजत होती. “आता ते होडीवाल्याला फोन करतील. पाणी नाही म्हटल्यावर हसून म्हणाले, चल, चिखल बघू नि भात खाऊन येऊ, तर मी मनातल्या मनात त्यांचे पाय धरीन. तू बघ त्यांच्या तोंडाकडे. मला धीर नाही.”

मी दार बोटभर सरकवलं. दाजींनी फोन कानाला लावलाच होता.

“काय? पाणीच नसतं? अजिबात?”

ओठ तसेच हसरे राहिले, पण डोळे असे झाले की मला त्यांची भीती वाटली. त्यांनी फोन ठेवला आणि हाक मारली, “अगं, ऐकलंस का? कालवे कोरडे असतात म्हणे तेव्हा! पुढे ढकलू या.”

“होडी नसली तर नसली,” ताई आतून नेहमीच्या आवाजात म्हणाली. “भात आहे, बाहुल्या आहेत. माझीच सहल ना?”

“छे! पाणीच नसेल तर जायचं कशाला?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तिने गॅस बंद केला.

“फुसाएला टोफू हवाय,” ती बाहेर येत म्हणाली. “कोपऱ्यावरून घेऊन येतो आम्ही.”

“कोट घाल हं, गारठा आहे,” दाजी मायेनं म्हणाले.

दारापाशी ताईच्या बुटांच्या नाड्या मीच बांधल्या. आत दाजी पुन्हा फोनवर होते.

“हो, मग मार्चमध्ये. तेव्हा भरलेले असतील ना? आणि सगळ्यात खोल कुठे आहे हो?” ते हसले. “नाही, बायकोला पोहता येत नाही. म्हणून आपलं विचारतो.”

ताईने खिशातून घराची किल्ली काढली, चपलांच्या कपाटावर ठेवली आणि आवाज न करता दार लोटून घेतलं.