हिरोशिमाच्या पाहुणीची ओटी

वेणीमाधवराव राज्यसभेवर गेले ते बाँबविरोधी भाषणांच्या जोरावर, हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगे. राव जपानला जाऊन आले, देशोदेशींच्या पुढाऱ्यांसमोर बोलले आणि हिरोशिमात होरपळलेल्या एका बाईला त्यांनी सोलापूर बघायला बोलावलं.

पाहुणी घरी जेवायला आली. पस्तिशीची बाई, म्हणजे सवाष्ण असणारच, असं धरून रावांच्या बायकोने, शकुंतलाबाईंनी, खणानारळाने तिची ओटी भरली. दुभाष्याने मग हळूच सांगितलं, "यांचं लग्न झालेलं नाही. बाँबमधून वाचलेल्या मुली तिकडे सहसा कुणी करून घेत नाही. मूल कसं निपजेल, याची धास्ती." शकुंतलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणी मात्र नारळ पोटाशी धरून हसली. तेव्हा राव भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "हे तुमचं माहेर. असला बाँब या देशात होऊ देणार नाही, हा माझा शब्द."

त्या शब्दासाठी बाईंनी नवऱ्याचं बाकी सारं पोटात घातलं होतं. वेळीअवेळी उठणाऱ्या पंगती, दिल्लीच्या वाऱ्या, सोयीच्या थापा, घरात चार दिवस सलग न टिकणारा पाय, सगळं.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात आपल्याच सरकारने राजस्थानात अणुस्फोट केला. आता हे दिल्लीत कडाडणार, म्हणून शकुंतलाबाई रेडिओला कान लावून बसल्या. राव कडाडले नाहीत. राव सोलापुरात परतले ते गळ्यात हार, पुढे ताशा आणि मागे पेढ्यांचं पातेलं घेतलेला ईश्वरप्पा. हा त्यांचा उजवा हात.

"वैनी, ओवाळा की सायबांना! देशाचं लई मोठं काम झालंय."

शकुंतलाबाईंनी नवऱ्याला आत बोलावलं.

"हे काय चाललंय?"

"अगं, हा स्फोट शांततेसाठी आहे. कालवे खणता येतील, डोंगर फोडता येतील."

"उजनीच्या धरणावर रोज सुरुंग उडतात. त्याचे कधी पेढे वाटलेत?"

एरवी सभा गाजवणारे राव गळ्यातल्या हाराची फुलं चाचपू लागले.

"तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"नाही गं. तुझ्यासारखं मीही रेडिओवरच ऐकलं."

"मग गप्प का बसलात? कुणी दम दिला का?"

हो म्हणा, असं बाईंना आतून वाटत होतं. भीती म्हणा, पक्ष म्हणा, खुर्ची म्हणा. त्यांनी कशालाही माफ केलं असतं.

"कुणी काही बोललं नाही," राव म्हणाले. "बातमी ऐकली आणि मला बरं वाटलं, शकू. आपल्याकडेही आहे, असं वाटलं. छाती भरून आली."

"तेव्हा तिची आठवण नाही आली?"

रावांनी खाली पाहिलं. "नाही. आत्ता तू आत बोलावलंस, तेव्हा आली."

खोटं बोलायची इतकी सवय असलेला माणूस नेमका आजच खरं बोलला, याचा बाईंना संताप आला. रडूही आलं.

"वैनी, लोक खोळंबलेत की!" ईश्वरप्पा बाहेरून ओरडला.

"जा तुम्ही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी ओवाळणार नाही. आणि ती पुन्हा माहेरी आली, तर तुम्ही घरात थांबू नका."

रावांनी गळ्यातला हार नीट केला आणि ते बाहेर गेले.