तोफखान्याची नेमणूक

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे तोफखाना म्हणत. धंद्याने मोटार मेकॅनिक, माणूस सोन्यासारखा, पण राग सदा नाकावर. कुणाची गाडी अडली की बोलावण्याआधी हजर, आणि दुरुस्त करता करता गाडीवाल्याची खरडपट्टीही काढणार. यंदा त्याला मंडळीचा वडील, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा जबाबदार पंच, नेमायचं ठरलं, तेव्हा गड्याचं काळीज सुपाएवढं झालं.

आणि नेमकी माशी शिंकली! मंडळीतली शिवणकाम करणारी एक बाई रविवारची प्रार्थना अर्धी झाल्यावर आत आली, तिचा धक्का लागून खुर्ची करकरली. झालं! दारात उभा असलेला हा कडाडला, "देवाच्या घरी तरी वेळेवर यावं माणसानं! रोजचंच झालंय तुमचं!" बाई आल्या पावली परत गेली. पुढच्या रविवारी आलीच नाही.

"तू घालवलंस, आता तूच आण," पाळकसाहेब म्हणाले. "मेंढरू हाकलून देणाऱ्याला मी कळप कसा सोपवू? ती आल्याशिवाय तुझी नेमणूक नाही."

तोंड एवढंसं करून तोफखाना तिच्या घरचे तीन जिने चढला. आत खाटेवर तिचा नवरा, अर्धं अंग लुळं. त्याची आंघोळ, खाणंपिणं उरकूनच ती दर रविवारी धावत यायची.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"विचारलंत कुठे?"

अरे देवा! कुठे तोंड लपवू असं झालं त्याला. "चुकलो, ताई. माफ करा."

"केलं माफ, भाऊ. पण येऊ कशी? हल्ली यांचं दुखणं वाढलंय, आता यांना एकटं सोडवत नाही."

तोफखान्याने डोकं खाजवलं. त्याची नेमणूक येत्या रविवारीच होती. "तुम्ही जा. मी बसतो दाजींपाशी."

"अहो, पण तुमची नेमणूक..."

"जा म्हणतो ना!" तो कडाडला, लगेच जीभ चावून हळूच म्हणाला, "जा ना, ताई."

रविवारी ती गेली आणि थोड्याच वेळात दाजींचं अंथरूण ओलं झालं. बिचारा शरमेनं रडायला लागला. तोफखान्याने त्याला पुसलं, कपडे बदलले. "रडताय काय, दाजी? गळती काढण्यातच तर जन्म गेला माझा!" दाजी वाकड्या ओठांनी हसला.

बाई परतली. "सगळे तुमची वाट बघत होते, भाऊ. मी सांगितलं, ते आमच्या घरी आहेत."

"पाळकसाहेब रागावले?"

"छे हो. म्हणाले, वडील कामाला लागलासुद्धा."



"पुढच्या रविवारी तुम्ही जा," ती म्हणाली. "मी थांबते."

"मुळीच नाही. तिघंही जायचं. चार जण घेऊन येतो, दाजींना खुर्चीत बसवून खाली उतरवू."

दाजीची जीभ जड होती, तरी त्याने विचारलं, "मी... पण?"

"म्हणजे काय! तुम्हाला सोडून जाऊ होय?"

आजारी पडल्यापासून दाजीला कुणी 'चला' म्हटलं नव्हतं. तो चांगल्या हाताने तोफखान्याची बाही धरून हमसून हमसून रडला, आणि तोफखान्यालाही रडू आवरलं नाही.