दमेकरी मिस्त्रींचा रंधा

१९६६ साली मी तेवीस वर्षांची होते आणि आबांच्या हाताखाली जुने रंधे नीट करत होते. आबांना मोतीबिंदू झालेला. डोळे माझे, अक्कल त्यांची, असा आम्हा बापलेकीचा कारभार. कुठे सुतार थकला किंवा वारला, की त्याची हत्यारं आमच्याकडे येत. आबा रंध्याच्या बुडावरून अंगठा फिरवत, पाचर हलवून बघत आणि शेवटी पातं जिथून डोकावतं त्या फटीत नख घालत. "तोंड जेवढं लहान तेवढा रंधा शहाणा," ते म्हणत. "माणसांचंही तसंच. तू मात्र आईवर गेलीस."

त्या वर्षी मागच्या गल्लीतले मिस्त्री गेले. त्यांना दमा होता, म्हणून सगळे दमेकरी मिस्त्रीच म्हणत. त्यांच्या भाच्याने हत्यारांची पेटी आणून टाकली. त्यातले चार रंधे आबांनी बाजूला सारले. दोन चिरलेले, दोन किडीने पोखरलेले. पाचवा शिसवी होता, हातभर लांब. तो बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. "हा ठेव. बाकीचे जळणात."

मी आठ दिवस त्यावर खपले. पात्याचा गंज रॉकेलने काढला. धारेला तांदळाच्या कणीएवढा खांडा पडला होता, तो जाईपर्यंत पातं दगडावर घासलं. बूड मधोमध झिजलं होतं, ते काचेवर पॉलिशपेपर ताणून सपाट केलं. मग अळशीचं तेल पाजलं. सागाच्या फळीवर फिरवला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली, आणि आवाज जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींची बायको दारात उभी.

"भाऊ, ह्यांचा मोठा रंधा आहे ना अजून? नेत नाही मी. फक्त एकदा चालवून दाखवा. ऐकायचाय."

ती भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली. घरात भिंतीपलीकडूनच ऐकायची, म्हणाली. मी ऐटीत रंधा चालवला.

"हा कोणाचा?"

"मिस्त्रीकाकांचाच, काकू."

"मला शिकवतेस? तीस वर्षं ऐकलाय. काय केलंस त्याचं?"

खांडा काढला, बूड सपाट केलं, असं सांगता सांगता माझी जीभ अडखळली. दोष दिसला की आमचे हात शिवशिवतात. तो दोष कोणाला हवा असेल, हे मनात येत नाही.

ती भिंतीशीच बोलल्यासारखी बोलू लागली. "त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. नको ते बोलले मी. मग ते बाहेर रंधा मारत बसले, मी आत भांडी घासत होते. रंधा मध्येच थांबला. दम लागला की रोजच थांबायचा, श्वास घेऊन पुढे जायचा. त्या दिवशी गेलाच नाही. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं! म्हटलं, सुटले कान. तासाभराने उठून बघितलं." तिने नाक पुसलं. "तो थांबला की मला हाक मारायचीय. तेव्हा मारली नाही."

"वहिनी, घासून गेलेलं परत कुठून आणू?" आबा म्हणाले.

"मी आणते," मी म्हणाले.

"चांगल्या पात्याला खांडा पाडणार? डोकं ठिकाणावर आहे का?"

"काढता येतो तो घालताही येईल, आबा."

आबांनी चाचपडत कानस शोधली आणि माझ्या हातात दिली.

काकू चार दिवस रोज दुपारी आली. पहिल्या दिवशी म्हणाली, "फार ओरडतोय." दुसऱ्या दिवशी मी पाचर सैल केली, बुडात पुन्हा खोलगट घासलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रंधा झाला. माणूस नाही झाला."

मग मला कळलं. फळीच्या मध्यावर कुठलाच सुतार हात थांबवत नाही. तिथे लाकडात पायरी पडते. लहानपणी त्यासाठी मी आबांच्या चापट्या खाल्ल्या होत्या. चौथ्या दिवशी मी मुद्दाम अर्ध्यावर थांबले, तोंडाने श्वास ओढला आणि पुढे रेटला. काकूचे खांदे खाली आले. "हां."

मी पुन्हा रेटला आणि थांबले.

"अहो," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पुरे आता. आत या. सकाळचं मनावर घेऊ नका."

मी रंधा पुढे ढकलला. हलेना. गाठ नव्हती, खिळा नव्हता. अंग टाकून रेटला तरी हलेना. तेवढ्यात माझ्या खांद्यामागे कोणीतरी धापा टाकल्या. मी श्वास रोखून धरला होता.

आबांनी मान वर केली. "कोण आलंय?"

काकू उठली. मागे न बघता दारापर्यंत गेली, आधी दुसऱ्याला जाऊ द्यावं तशी कडेला सरली, आणि मग बाहेर पडली. रंधा माझ्या हाताखालून सर्रकन पुढे गेला.

त्यानंतर कुठलाही रंधा घेतला तरी माझा हात अर्ध्यावर थांबू लागला. आबांनी फळीवरून अंगठा फिरवला. "हा हात तुझा नाही," एवढंच म्हणाले.

काकू पुढे अकरा वर्षं जगली. दुकानात पुन्हा आली नाही. शेजारचे म्हणत, म्हातारी एकटीच बोलते, पण भांडत नाही. आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. माझ्या फळ्यांवरच्या पायऱ्या त्यांना स्वच्छ दिसू लागल्या, पण त्यांनी कधी विषय काढला नाही. १९७४ मध्ये ते झोपेतच गेले. भाचा परगावी ड्रायव्हर झाला. तो रंधा एका धिप्पाड सुताराने नेला आणि महिन्याभरात परत आणून ठेवला. "हत्यार झकास आहे, ताई," तो म्हणाला, "पण चालवताना दम लागतो." पुढे दुकान मोडलं तेव्हा तो रंधा सापडलाच नाही.

मी लग्नानंतरही रंधे नीट करत राहिले, चालवले मात्र नाहीत. ते काम माझा नवरा करायचा. पोस्टातला कारकून, पण हात शिकला. दोन वर्षांपूर्वी तोही गेला. आता रंधा पुन्हा मीच चालवते; अर्ध्यावर हात थांबला की कान देते.