हेडीचा पंचा मुलाखतीला जातो

मी एक जुना पंचा आहे. माझा जन्म भिवंडीच्या यंत्रमागावर झाला. तिथे माझ्यासारखे इतके जन्मतात की बारशाची पद्धत नाही. मुरबाडच्या बाजारातून शेणवे गावच्या देवरामने मला खांद्यावर टाकून नेले, तेव्हा घाम पुसण्यात आयुष्य जाणार असे मी धरून चाललो होतो.

पण मित्रांनो, देवराम हेडी होता. बैल विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभा राहून दोघांकडून दलाली घेणाऱ्याला हेडी म्हणतात. म्हसा गावच्या यात्रेत तो मला आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातांवर टाकायचा आणि माझ्याखाली बोटे दाबून भाव ठरायचा. वर दोघे एकमेकांच्या सुनांची चौकशी करत, खाली बोटे पिरगाळत. भाव तोंडाने कोणी बोलत नसे. त्या काळात मला मान होता. मला नाक पुसायला वापरले तर देवराम चिडायचा.

मग शेतात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि माझी बदली टीव्हीवरची धूळ पुसण्याकडे झाली. तिथून मला प्रियांकाने उचलले. प्रियांका देवरामची पुतणी. तिने जुना लॅपटॉप घेतला होता. त्याला पिशवी नव्हती, म्हणून तो माझ्यात गुंडाळला गेला.

प्रियांका तालुक्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली होती, दहापैकी पाच पूर्णांक सहा गुणांनी. कॉलेजात जायचे ते शिकायला, हे तिच्या शेवटच्या वर्षी लक्षात आले. आणि लक्षात आले ते असे, की कंपन्यांचे ताळेबंद वाचताना ती जेवायला उठेना. आता तिला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचे होते. तिने अर्जामागून अर्ज पाठवले. ज्यांनी गुण पाहिले त्यांनी उत्तर दिले नाही. शेवटच्या अर्जात तिने गुण लिहिलेच नाहीत, आणि मुंबईच्या एका छोट्या फर्मने बोलावले.

घरात कुतूहल पसरले. माझ्यातही पसरले.

"ब्यांकेत लागलीस तं माझं पासबुक पहिलं भरून दे," देवरामची बायको, अनिताकाकी म्हणाली.

"काकी, तिथं पासबुक नसतं."

"मग ती ब्यांक कसली गो?"

प्रियांकाने समजावले. एका कंपनीला विकायचे असते, दुसरीला घ्यायचे असते. ही बँक मध्ये उभी राहते, किंमत ठरवून देते आणि आपला वाटा घेते.

देवराम तंबाखू मळता मळता थांबला. "म्हंजे हेडी."

"हो, तसंच."

"आन् हेडी व्हायला मार्क लागतात? आमी तं चौथीतच सुटलो." त्याला खरोखर नवल वाटले होते. मग तो धंद्यावर आला. "हे बघ, खोड आपून सांगायची नाय. लंगडा बैल नेहमी चढावर उभा करायचा. पाय दुमडलेला दिसत नाय. मार्कांचं इचारलं तं दुसरं कायतरी दाखव."

"म्हणून तर तुमचं विकलेलं जनावर गिऱ्हाइकानं परत आणलं," काकी म्हणाली. देवरामने तंबाखू तोंडात टाकली. तोंड भरलेले असले की उत्तर द्यावे लागत नाही.

एसटीने कल्याण गाठून आम्ही पुढे मुंबईला पोचलो. ऑफिस थंडगार होते. टेबलापलीकडे फर्मच्या मालकीणबाई आणि त्यांचा एक तरुण सहकारी. भिंतीवर त्याचे सुवर्णपदक टांगलेले. बैलालाही बाजारात इतके सजवत नाहीत. प्रियांकाने लॅपटॉप उघडला आणि मला मांडीवर घेऊन तळहात पुसले.

बाईंनी अर्ज चाळला. "इथे गुण दिसत नाहीत."

प्रियांकाचे लक्ष त्या पदकाकडे गेले. मग तिने मला टेबलावर पसरले, माझ्याखाली हात घातला आणि म्हणाली, "मॅडम, हात द्या."

"कशाला?"

"आमच्याकडे चारचौघांत आकडा बोलत नाहीत."

असे इंटरव्ह्यूत करू नये, हे तिला कोणी सांगितले नव्हते. कोणाला सुचलेही नसते. तरुणाने पेन खाली ठेवले. बाईंनी क्षणभर विचार केला आणि कुतूहलापुढे हार मानून हात आत घातला. प्रियांकाने पाचही बोटे धरली. सोडली. मग पुन्हा पाच धरली आणि वर एक.

"दहापैकी?" बाईंनी हळूच विचारले.

"दहापैकी."

"लपवता आलं असतं."

"काका तेच म्हणाले होते. लंगडा बैल चढावर उभा कर म्हणाले." तिने खोली न्याहाळली. "पण इथली फरशी सपाट आहे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. एका दूध कंपनीची किंमत प्रियांकाने काढली होती. बाईंनी त्यात चूक दाखवली. प्रियांकाने माफी मागितली नाही, "का?" विचारले. उत्तर ऐकून दुसरा "का?" विचारला. तिसऱ्या "का?"ला तरुणाने खुर्ची पुढे ओढली, आणि मला बाजूला सारून तिघे त्या आकड्यांवर वाकले.

निघताना बाई म्हणाल्या, "गुणांवर मी घेतलं नसतं. दिवाळीपर्यंत काम करून बघ. जमलं तर राहशील, नाही तर स्पष्ट सांगेन."

घरी देवराम ओट्यावर वाट पाहत होता. "खोड कळली?"

"मीच सांगितली."

त्याने तंबाखू थुंकली. "आन्?"

"दिवाळीपर्यंत बोलीवर घेतलंय."

हे त्याला समजले. बोलीवर म्हणजे गिऱ्हाईक जनावर नेऊन नांगराला जुंपून बघते. "बोलीवरचं जनावर दाव्यासकट द्यायचं असतं," तो म्हणाला. "पसंत पडलं तं दावं परत येतं. नाय पडलं तं जनावर परत येतं." गोठा रिकामा होता, बैल बांधायचे दावे सापडले नाही. त्याने मला झटकले आणि तिच्या खांद्यावर टाकले. "ह्यालाच धर दावं."

तर मित्रांनो, सध्या मी मुंबईला तिच्या टेबलाच्या खणात असतो. वर चाललेले बोलणे निम्मेच कळते, पण ऐकायला आवडते. ती रोज चुकते आणि रोज "का?" विचारते.

जुन्या वस्तूंनी शेवटी, आम्हाला जपून ठेवा, असे सांगायचे असते. मला तसे सांगवत नाही. दिवाळी जवळ आली आहे. कोणी शेणव्याकडे जाणारे भेटले, तर मला, तिच्या दाव्याला, घडी करून त्याच्या हाती द्या आणि देवरामच्या ओट्यावर एकट्यालाच पोचवा.