भरत नाही म्हणून

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. माझ्या पोटात काय ओतले गेले ते ऐका, म्हणजे तुम्हीही चिडाल.

मला खणले तेव्हा भेगाळ खडक लागला. त्या भेगांतून माझे गोडे पाणी जमिनीखालून समुद्रात जाई आणि प्रवाळांच्या मुळाशी झुळझुळ वर येई. शिंपले काढणारी एक बाई तिथे बुडी मारी. "इथं समुद्र गोड लागतो," ती कौतुकाने सांगे.

पुढे घरोघर नळ आले. माझ्याकडे कोणी फिरकेना. मागची झाडी तोडून लॉज उभा राहिला आणि मालकाने संडासांचा पाइप सरळ माझ्यात सोडला.

"शेठ, वर्ष झालं, ही भरतच नाही!" प्लंबर म्हणाला.

"नशीब लागतं राव! मैल्याची टाकी बांधायची कटकट वाचली."

अरे, भरेन कशी? मी साठवत नव्हते, पुढे ढकलत होते! एवढे मोठे तोंड असून मला ओरडता येईना.

तिकडे प्रवाळांवर शेवाळाची गोधडी चढली. त्याखाली ते गुदमरून मेले. मासे गेले, शिंपले गेले, बाईची टोपली रिकामी. गोड लागणाऱ्या जागी आता घाण वास येई. तो संडासाचा वास तिने ओळखला आणि ती तडक लॉजच्या प्लंबरकडे गेली. तो तिचा भाचाच.

"गळती शोधायचा तुझा तो हिरवा रंग दे. लॉजमागच्या विहिरीत टाकून बघते."

"मावशी, माझं काम जाईल गं!"

"माझं गेलंच आहे की रे."

रंग माझ्यात पडला. तिसऱ्या सकाळी प्रवाळांच्या भेगांतून हिरवा धूर निघावा तसे पाणी निघाले. बाईने बाटली भरली आणि लॉजच्या जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर ठेवली.

"तुमच्या संडासाचं पाणी, शेठ. हे लोक पोहतात तिथं सापडलं."

"अहो ताई, हळू बोला!"

"हळूच बोलतेय. पाइप काढा, नाहीतर मोठ्यानं बोलीन."

संध्याकाळच्या आत पाइप निघाला. मेलेले प्रवाळ मात्र उठले नाहीत. बाई रोज बुडी मारून नखाएवढा जिवंत ठिपका शोधते. अजून सापडलेला नाही.

मित्रांनो, तुमच्याकडचा खड्डा वर्षानुवर्षे भरत नसेल, तर खूश होऊ नका. तो कोणाच्या ताटात रिकामा होतोय, ते आजच शोधा. आणि मोठी माणसे "जाऊ दे" म्हणाली, तर विचारा, "कुठे?"