धुतलेले जंत

२०१७ सालच्या मार्चमधली गोष्ट. बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या सलीमाचा प्रबंध दुसऱ्यांदा परत आला. सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत अनुपमा मॅडम म्हणाल्या, "औषधातले जंत फाटलेले, बिनऔषधातलेही फाटलेले. मग औषधानं केलं काय? पंधरवड्यानं शेवटचं बघेन. नाहीतर वर्ष गेलं समज."

शेळीच्या पोटातले ते लालसर, टपोरे जंत म्हणजे जणू डाळिंबाचे दाणे. त्यांची कातडी हेच त्यांचं चिलखत, आणि औषध ते फोडतं, एवढंच सलीमाला दाखवायचं होतं. जंत द्यायचा धाड गावचा मतीनमामू, धंद्यानं खाटीक. कापायच्या जागी तो भाचीला पाऊल टाकू देत नसे. डबी दारातच हातात ठेवायचा.

तेव्हा धाडची जीप माणसं भरल्याशिवाय सुटत नसे. त्या रविवारी ती लगेच भरली आणि सलीमा वेळेआधीच पोचली. मामू हापशाखाली जंत चोळून चोळून धूत होता.

"मामू, हे काय करून राह्यले?"

"भाचीले घाण देऊ काय मी? दरवेळी तीन पाण्यातून काढतो!"

सलीमानं हापसा थांबवला. साध्या पाण्यात जंत फुगतात, कातडी तडकते. औषधाआधीच मामूची माया त्यांना फोडत होती!

तिनं नाजिशमामीचा थर्मास उचलला, शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मीठ तोलून कोमट पाण्यात विरघळवलं; अशा खारट पाण्यात जंत फुगत नाहीत.

"चहाचा थर्मास जंताले?" मामी ओरडली.

"नवा आणून देईन, मामी."

"हाव! अन् ह्याच्यातला चहा तुई मॅडम पिईन काय?"

मामूनं तिला पहिल्यांदाच आत येऊ दिलं, दुसऱ्या शेळीचं पोट उघडलं आणि या खेपेला सलीमानं स्वतः, न धुता, जंत थेट थर्मासमध्ये सोडले.

पंधरवड्यानं मॅडमनी भिंगाला डोळा लावला. बिनऔषधातला जंत अखंड, तुकतुकीत. औषधातल्याच्या अंगावर फोडच फोड, कातडी जागोजागी सोललेली. मॅडमनी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग वर्गाचं दार उघडून हाक दिली, "या रे सगळे, बघा सलीमानं काय दाखवलंय!"

सलीमा आज मेहकरला शिकवते. अनुपमा मॅडम निवृत्त होऊन खामगावला राहतात. मामूचे गुडघे गेले, पण गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगतो, "औषधानं जंताची कातडी सोलून निघते, माह्या भाचीनं दाखवलं!" मामीला नवा थर्मास मिळाला. जुना सलीमाच्या प्रयोगशाळेत आहे; त्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलंय, 'यात चहा नाही.'