भीतीखालचा खिळा

"मॅडम, तपासणीच्या साहेबांची गाडी फाट्यावर आली! तेवढं एक कार्ड हलवा," मुख्याध्यापक बद्रीनाथ सर दारातूनच म्हणाले.

सरिताचा फडक्याचा हात थांबला. करमाडपलीकडच्या वस्तीवरच्या त्या दुसरीच्या वर्गात भिंतीवर पुठ्ठ्याचे चार चेहरे होते. आनंद, राग, दुःख, भीती. खाली खिळे. मुलं रोज आल्या आल्या आपल्या नावाचं कार्ड मनाला पटेल त्या चेहऱ्याखाली अडकवायची. नियम एकच, तोही सरितानंच घातलेला: दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही. मॅडमनंसुद्धा नाही.

भीतीखाली एकटं संस्कृतीचं कार्ड होतं. अठरा दिवस झाले, रोज तिथंच.

"सर, कशाची भीती ते आज मधल्या सुट्टीत सांगणारे ती. काल आपण होऊन म्हणाली."

"सांगू द्या ना, कोण नाय म्हणतंय? पण साहेबांनी इचारलं, पोरगी कशाला भेती, तर काय सांगू? दहा मिनिटांचा प्रश्न हाय."

मुलं परिपाठाला मैदानात उभी होती. हॉर्न वाजला. सरितानं कार्ड काढलं आणि आनंदाखाली अडकवलं.

परिपाठ संपून मुलं वर्गात बसली, तसे साहेब येऊन भिंतीपुढं थांबले. "वा! भीतीखाली कोणीच नाही." त्यांनी आनंदाखालचं एक कार्ड उचलून वाचलं. "संस्कृती कोण? आज एवढा आनंद कशाचा, बेटा?"

संस्कृती उठली. एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला नुसताच रबर. तिनं भिंतीकडं पाहिलं, मग सरिताकडं.

"हिचं तर तिकडं होतं..." मागून फकिरा पुटपुटला. बद्रीनाथ सर मोठ्यानं खाकरले.

"मॅडमला इचारा," संस्कृती म्हणाली. "मला नाय माहीत."

"लाजते!" साहेब हसले. सरही हसले.

मधल्या सुट्टीत सरिता तिच्या ताटाशेजारी जमिनीवर बसली. "सांगणार होतीस ना मला?"

संस्कृती खिचडीतले वाटाणे एकेक करून कडेला लावत राहिली. "काय नाय मॅडम. मी आनंदी हाय."

दुसऱ्या दिवशी सरितानं घरूनच पुठ्ठा कापून आणला होता. मुलांनी कार्डांसाठी रांग लावली, तशी ती सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. बद्रीनाथ सर दारात होते. त्यांच्याकडं न बघता ती म्हणाली, "काल संस्कृतीचं कार्ड मी हलवलं. नियम मी मोडला. चुकलं माझं."

मग तिनं स्वतःच्या नावाचं कार्ड भीतीखाली अडकवलं.

"मॅडम, तुम्ही बी भेता?" फकिरानं डोळे मोठे केले. "कोणाला?"

"काल साहेबांना भ्याले."

वर्गात खसखस पिकली. संस्कृती हसली नाही. तिची पाळी आली होती. कार्ड मुठीत दाबून ती चार चेहऱ्यांपुढं उभी होती. प्रार्थनेची घंटा झाली. मागून ढकलाढकल सुरू झाली, "चल ना गं!"

"थांबा रे," सरिता म्हणाली. "कोणी घाई करू नका तिला."

रांग थांबली.